सामानाजवळ कोण आहे?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. लग्नात मिळालेले एकसारखे कॅसरोल माळ्यावर साचत जातात, तसे तेही साचतात. एक खाली काढायला जावं, तर मागून चार अंगावर येतात. आमच्या घरी कोणी नुसतं "ओरछा" म्हणायचा अवकाश, की अण्णांच्या टेपचा किस्सा निघतो, त्याच्यामागून वानराचा, आणि मग चहा थंड होईपर्यंत कोणी उठत नाही. सगळे हसतात. मीही वर्षानुवर्षं हसत आले.

मग एकदा लक्षात आलं, की यातल्या प्रत्येक किश्श्यात एक बाई कोपऱ्यात बसलेली आहे, आणि हसताना तिच्याकडे कोणी पाहत नाही.

ती माझी मोठी काकू, मालूकाकू. गेल्या हिवाळ्यापर्यंत ती ओरछ्याच्या किल्ल्यात सहा वेळा जाऊन आली होती. त्या किल्ल्यातला राजमहाल तिनं एकदाही पाहिला नव्हता. आणि तो पाहायची इच्छा आमच्या अख्ख्या घरात फक्त तिलाच होती.

*

आमचं घर जबलपूरला, रांझीत. आजोबा वर्ध्याकडून फॅक्टरीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात हिंदी. अण्णा म्हणजे माझे मोठे काका. तेही त्याच फॅक्टरीतून रिटायर झाले. बाबा बँकेत. आम्ही सगळे एकाच घरात, वरखाली राहतो.

आमच्याकडे पाहुण्यांचे दोन प्रकार आहेत. दोन दिवसांचे आणि चार दिवसांचे. दोन दिवसवाल्यांना भेडाघाट दाखवायचा, संध्याकाळी ग्वारीघाटला न्यायचं, पेढे देऊन गाडीत बसवायचं. चार दिवसवाल्यांना ओरछा. पहाटे गाडी करून दमोह, सागर करत दिवसभराचा प्रवास, तिथे धर्मशाळेत मुक्काम, रामराजाचं दर्शन आणि किल्ला.

आमचे लोक सहलीला जात नाहीत, बिऱ्हाड हलवतात. दोन थर्मास, पोळ्यांचा डबा, सांभारवड्या, ठेचा, लोणच्याची बरणी, औषधांची पिशवी, स्वेटरची पिशवी, आणि हे सगळं मांडायला सतरंजी. गाडी पुलाच्या अलीकडे लागते. पण सामान गाडीत ठेवायचं नाही. "गाडी ड्रायव्हरची, सामान आपलं," हे अण्णांचं म्हणणं. म्हणून ते सगळं उचलून नदीवरचा पूल ओलांडायचा, किल्ल्याच्या दरवाज्यातून आत शिरायचं आणि मोठ्या चौकात उतरवायचं. चौकाच्या दोन बाजूंना दोन महाल. एक बाहेरून अगदी साधा, पण आत छतं आणि भिंती चित्रांनी भरलेला. तो राजमहाल. दुसरा त्याहून मोठा, दाराशी दगडी हत्ती, वर निळ्या फरशांचे पट्टे.

चौकात पोचलं, की आमच्याकडे एक वाक्य म्हटलं जातं. "सामानाजवळ कोणीतरी पाहिजे."

कोणीतरी म्हणजे कोण, हे कोणी कधी विचारलं नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत काकू सतरंजी पसरायला लागलेली असायची.

पहिल्या वेळी ती नवी सून होती. आजोबा म्हणाले, जिने उंच आहेत, साडीत पाय अडकेल. दुसऱ्या वेळी मांडीवर माझा चुलतभाऊ होता. तिसऱ्या वेळी साडीची सवय झालेली होती, पोरगं शाळेत जात होतं. तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझं तर दोनदा येऊन झालं आहे."

त्या काळात काकू दिवाळीला अंगणभर रांगोळी काढायची. वर्ध्याला माहेरी असताना तिला कोणीतरी सांगितलं होतं, की ओरछ्याच्या महालात छतावर अशी वेलबुट्टी आहे की मान खाली घ्यावीशी वाटत नाही. म्हणून जो कोणी महाल पाहून खाली यायचा, त्याला ती विचारायची, "छतावर काय आहे?"

बाबा म्हणाले, "फुलं आहेत."

आई म्हणाली, "मासा आहे बहुतेक. मोठा."

अण्णा म्हणाले, "ओल आहे."

एवढ्या माहितीवर काकूनं तो महाल मनात बांधून काढला. घरी पुढचे पाहुणे आले, की पोळ्या लाटता लाटता ती त्यांना सांगायची. डाव्या हाताला जिना आहे, वर गेलं की राणीची खोली, वर पाहा, मासा आहे, भोवती वेल आहे. अकोल्याच्या एक बाई परत आल्यावर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही वर पाहिलंच नसतं. किती वेळा पाहिला हो तुम्ही?"

काकू म्हणाली, "मोजलं नाही."

*

आता टेप.

अण्णा फॅक्टरीत इन्स्पेक्शनमध्ये होते. आयुष्यभर त्यांनी लोकांनी बनवलेल्या वस्तू मोजल्या आणि नापास केल्या. खिशात स्टीलचा टेप घेतल्याशिवाय ते आजही लग्नाला जात नाहीत. तिसऱ्या वेळी ते टेप घेऊन महालात गेले. दरवाज्याची उंची, भिंतीची जाडी, पायरीची चढण, सगळं एका छोट्या डायरीत. बाबा सोबत होते, त्यामुळे हा किस्सा बाबांचा आहे.

एका कमानीशी अण्णा थांबले. दोन्हीकडून मोजलं. पुन्हा मोजलं. मग गाइडला म्हणाले, "भैया, ये कमान बायीं तरफ पौन इंच कम है।"

गाइड पान चघळत होता. म्हणाला, "साहब, चार सौ साल हो गए। अब कंपनी वापस नहीं लेगी।"

इथे आमच्याकडे सगळे हसतात. किस्सा इथेच संपतो, असं लहानपणी मलाही वाटायचं. त्याचा पुढचा भाग मला काकूनंच सांगितला, भाजी निवडताना, सहज.

अण्णा खाली आले, सतरंजीवर बसले आणि डायरी उघडून त्यांनी तिला सगळा महाल वाचून दाखवला. त्यांच्या परीनं ते तिला महाल दाखवतच होते, हे मला मान्य करावं लागतं. राणीची खोली अठरा बाय बावीस. दार पाच फूट दोन इंच. भिंत साडेतीन फूट.

काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रंग कोणता आहे?"

अण्णांनी डायरीचं पान उलटून पाहिलं. म्हणाले, "तो नाही घेतला."

मी तेव्हा दीड वर्षाची होते. मी कुठे होते, असं मी विचारलं, तेव्हा काकू म्हणाली, "सतरंजीवर. माझ्याजवळच. तुलाही ठेवून गेले होते नं."

म्हणजे त्या खेपेला मीही सामानातच होते.

*

वानराच्या वेळी मी नऊ वर्षांची. हा किस्सा माझ्या डोळ्यांसमोरचा.

महाल पाहून आम्ही खाली उतरत होतो. उतरताना दिसलं, की सतरंजीवर काकू बसली आहे आणि तिच्यासमोर, हातभर अंतरावर, एक मोठं काळ्या तोंडाचं वानर बसलं आहे. दोघांच्या मध्ये काकडी. काकू एक फोड त्याला देत होती, एक स्वतः खात होती. अगदी शांतपणे. दोन शेजारणी दुपारी ओट्यावर बसतात, तसं.

अण्णा काठी शोधत, हातवारे करत धावले. वानर उठलं, डब्याकडे एकदा पाहिलं आणि सावकाश पावलं टाकत भिंतीवर चढून महालात निघून गेलं.

"अगं, तुला इथे सामान राखायला बसवलं," अण्णा म्हणाले, "अन् तू त्याला जेवू घालून राहिली?"

"तो आतून आला होता," काकू म्हणाली. "मी त्याला विचारून राहिली होती, आत काय काय आहे."

सगळे इतके हसले, की बाबांना ठसका लागला. मी पण हसले. आईनं तिथेच म्हटलं, "वहिनींचं बोलणं म्हणजे ना." तो किस्सा नागपूरपासून अमरावतीपर्यंत पोचला. लग्नात लोक काकूला थांबवून तो पुन्हा सांगायला लावायचे, आणि ती सांगायची.

इतक्या लोकांनी तो ऐकला. त्यातल्या एकानंही पुढच्या वेळी सामानाजवळ बसायची तयारी दाखवली नाही. हसून झालं, की लोकांना वाटतं काम झालं.

*

पुढचा किस्सा आमच्या घरात कोणी सांगत नाही, कारण तो फक्त मला माहीत आहे. त्यात मी शहाणी दिसत नाही.

मी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. इतिहास विषय. त्या वर्षी मला सगळं समजलेलं होतं. पुण्याचे पाहुणे होते. महालात वरच्या मजल्यावर दगडी जाळ्या आहेत. बायकांनी बाहेर पाहायचं, पण बाहेरच्यांनी बायकांना पाहायचं नाही, यासाठी. मी त्या जाळीजवळ उभी राहून वीस-पंचवीस फोटो काढले. मग तिथेच पायरीवर बसून इन्स्टावर मोठी पोस्ट लिहिली. महालातल्या बायकांना महाल कधी मिळालाच नाही, त्यांना फक्त त्याची एक फट मिळाली, वगैरे. बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "चल आता, भूक लागली." मला त्यांचा रागच आला. या लोकांना काही कळतच नाही, असं मनात म्हणत मी जिना उतरले.

खाली काकू सतरंजीवर होती. मी धपकन बसले आणि म्हटलं, "काकू, ऐक, मी काय लिहिलं."

तिनं पूर्ण ऐकलं. शेवटी म्हणाली, "छान लिहिलं. खरंच छान आहे." मग मांडीवरची माझी बॅग, माझी शाल आणि माझे बूट काढून माझ्यापुढे ठेवले. बूट मला चढायला टोचत होते म्हणून मीच तिच्याकडे टाकून गेले होते.

"हे घे आता," ती म्हणाली. "पाय मुंगून गेला माझा."

त्या पोस्टला खूप लाइक आले. मी ती अजून काढलेली नाही. कधीतरी मुद्दाम उघडून वाचते.

*

त्यानंतरच्या वेळी मी भांडले.

मी तेवीस वर्षांची होते, एम.ए. होऊन एका कॉलेजात शिकवायला लागले होते. पाहुणे होते आईकडचे. चौकात सामान उतरलं आणि अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी सतरंजीवर मांडी घालून बसले. म्हटलं, "आज सामानाजवळ मी. काकू आत जाईल."

घरात लग्न मोडलं असतं, तरी एवढी शांतता पसरली नसती.

बाबा म्हणाले, "तू काहून बसतेस? तुझं वय आहे पाहायचं."

आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं एकटं बसायचं इथे?"

"मग काकू कोण आहे?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "तिलाच विचार, तिला जायचं आहे का. तिच्या मनात नसताना तू काहून ढकलून राहिली?"

मग सगळ्यांनी काकूकडे पाहिलं. पाहुणेसुद्धा. तीस-पस्तीस वर्षांत तिला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जात होता, आणि तोही असा, सात माणसांच्या मध्ये उभं करून. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "पाहून येते थोडं. केतू म्हणतेच आहे तर."

ती गेली. मी सतरंजीवर बसून राहिले. जिंकल्यासारखं वाटत होतं. मनात भाषणसुद्धा तयार होतं, परत आल्यावर अण्णांना ऐकवायचं.

दहा मिनिटांत काकू परत आली.

एकटी. आली, लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट केलं आणि सतरंजीच्या कडेला बसली. थोड्या वेळानं बाकीचे आले. मोजमाप बरोबर निघाल्यावर इन्स्पेक्टर पाहतो, तसं अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "पाहिलं? तिलाच आवड नाही. सगळ्यांना सगळ्याची आवड नसते."

परतताना पुलावर मी काकूला गाठलं आणि तिच्यावरच भडकले. माझा राग नेहमी जवळ सापडेल त्याच्यावर निघतो. "तू काहून आलीस परत? मी सगळ्यांशी भांडले तुझ्यासाठी. अर्धा तास तरी थांबायचंस. आता हे लोक आयुष्यभर ऐकवतील."

ती चालत राहिली. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एक मी घेतली, तेव्हा बोलली.

"दारातच तुझे बाबा भेटले. म्हणाले, वहिनी, सामानाजवळ कोण आहे? मी म्हटलं, केतू आहे. पुढे गेली तर तुझी आई. तिनंही तेच विचारलं. जिन्यावर पाहुणे भेटले, त्यांनी पण. वरच्या खोलीत हे उभे होते. मी वर पाहणार, तेवढ्यात म्हणाले, मालू, सामान?"

ती पुलाच्या कठड्यापाशी थोडी थांबली.

"चौथ्यांदा विचारल्यावर मी उतरली."

*

त्याच संध्याकाळची गोष्ट. रामराजाच्या मंदिरात दर्शनाची रांग मोठी होती आणि अण्णा पाहुण्यांना कथा सांगत होते. तिथे सगळेच ती सांगतात. राणीनं अयोध्येहून देवाला आणलं. देवाची अट होती, जिथे एकदा ठेवशील तिथून मी उठणार नाही. राजा त्याच्यासाठी मोठं मंदिर बांधत होता, ते पुरं व्हायचं होतं. म्हणून राणीनं तोवर मूर्ती आपल्या महालात ठेवली. मंदिर झालं, पण देव उठेना. मोठं मंदिर रिकामं राहिलं आणि राणीचा महाल हेच देवाचं मंदिर झालं. "म्हणजे आपण उभे आहोत, तो राणीचा महाल," अण्णा म्हणाले. "भक्तीची ताकद पाहा."

पाहुण्यांनी हात जोडले.

मागून काकूनं विचारलं, "मग राणी कुठे गेली राहायला?"

अण्णा थांबले. "म्हणजे?"

"तिचं घर देवाला गेलं. मग ती कुठे गेली?"

अण्णांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. इतिहासाची एम.ए. मी. मला माहीत नव्हतं. पाच वर्षं शिकून, परीक्षा देऊन, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"असेल कुठेतरी," अण्णा म्हणाले. "राणी होती. तिला काय जागेचा तोटा?"

रांग पुढे सरकली. काकू देवापुढे बराच वेळ उभी राहिली. पुजारी "चलिए माताजी, आगे चलिए" म्हणत राहिला. बाहेर आल्यावर मी विचारलं, एवढं काय मागितलं?

"मागितलं काही नाही," ती म्हणाली. "मीही घर पाहून राहिली होती."

*

आणि गेल्या हिवाळ्यातला.

पावसाळ्यात अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हातात काठी आली. डिसेंबरात काकूचा धाकटा भाऊ, बंडूमामा, आणि मामी वर्ध्याहून आले, चार दिवसांसाठी. म्हणजे ओरछा आलंच. अण्णा हळूहळू पूल ओलांडून चौकापर्यंत आले, पण जिने चढणं शक्यच नव्हतं. सामान उतरलं. सतरंजी पसरली. अण्णा कण्हत तिच्यावर टेकले आणि म्हणाले, "चला, या वेळी मी आहे सामानाजवळ."

मला वाटलं, सुटलं एकदाचं. भांडण नाही, तंटा नाही, एका गुडघ्यानं काम केलं. जे माझ्याच्यानं इतकी वर्षं झालं नाही ते.

तेवढ्यात आई म्हणाली, "पण अण्णांना असं एकटं कसं सोडायचं? त्यांच्याजवळ कोणीतरी पाहिजे."

आणि तिनं काकूकडे पाहिलं. बाबांनीही. बंडूमामांनीसुद्धा, तिच्या सख्ख्या भावानं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. हेच मला सगळ्यात जास्त चिडवतं, की यांच्या मनात कधीच वाईट नसतं.

मी तोंड उघडलं. पण या वेळी कोणी माझी वाट पाहिली नाही.

काकू सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत होती. तिनं ती सरळ केली. मग एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा पिशव्यांकडे.

"हे सामानाजवळ आहेत," ती म्हणाली. "अन् सामान यांच्याजवळ आहे. झालं नं?"

ती उठली, पदर खोचला आणि महालाच्या दाराकडे चालायला लागली.

"मालू, अगं, गुडघा," अण्णा मागून म्हणाले.

"तुमचा," ती न वळता म्हणाली.

मी मागे धावले. दाराशी तिला गाठलं. "थांब, काकू, मी येते तुझ्याबरोबर."

"तू नको येऊ."

"काहून?"

"तू समजावून सांगत बसशील."

ती आत गेली. मी दाराच्या उंबऱ्याशी उभी राहिले. मामी मागून म्हणाल्या, "बरोबर बोलली बाई." मला राग यायला हवा होता. आला नाही.

आमच्या लोकांचा महाल वीस मिनिटांत होतो. वर जायचं, फोटो काढायचे, कोणाला तरी चक्कर आल्यासारखं वाटतं, खाली यायचं. त्या वीस मिनिटांत मला काकू एकदाच दिसली. वरच्या एका खोलीत, एकटी, भिंतीला पाठ लावून. मान पूर्ण मागे टाकलेली. पाठीला चुना लागला होता. तोंड थोडं उघडं होतं. मी दारातून पाहिलं आणि पाय न वाजवता मागे फिरले. बाबा जिन्यावर होते. त्यांना मी दुसऱ्या बाजूनं खाली नेलं.

मामींना नदीकाठच्या राजांच्या समाधी-छत्र्या आणि त्यांच्या शिखरांवर बसलेली गिधाडं पाहायची होती. अण्णांना सांगून आम्ही सगळे तिकडे गेलो.

पाऊण तासानं अण्णांचा फोन आला. "मालू तुमच्याबरोबर आहे का?"

"नाही. वरच असेल."

थोड्या वेळानं पुन्हा. "तिला फोन लावला. तो इथेच पिशवीत वाजून राहिला."

मग अजून एकदा. आवाज खाली आणलेला. "केतू, इथे बाथरूम कुठे आहे?"

"गेटजवळ, अण्णा. लांब नाही."

"अन् सामान?"

"कोणाला तरी सांगा पाच मिनिटं पाहायला. तिथे फॅमिली बसल्या असतील."

"अनोळखी लोकांवर कसं विसंबायचं?" अण्णा म्हणाले आणि फोन बंद झाला.

आम्ही परत आलो, तेव्हा उन्हं कलायला लागली होती. अण्णा सतरंजीच्या बरोबर मधोमध बसले होते, पिशव्या चारी बाजूंनी जवळ ओढून. काठी मांडीवर आडवी. तोंड लाल. आम्ही काही विचारणार, एवढ्यात महालाच्या दारातून काकू बाहेर आली. सावकाश. केसांवर धूळ होती, पाठीवर चुन्याचा पांढरा पट्टा. ती येऊन सतरंजीच्या कडेला उभी राहिली.

"दोन तास," अण्णा म्हणाले. "दोन तास झाले, मालू. सामान टाकून मला जागचं उठतासुद्धा आलं नाही."

काकूनं थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं, उभ्यानंच प्यायली, आणि झाकण परत लावलं.

"नाहीच येत उठता," ती म्हणाली.

मग तिनं चौकाच्या पलीकडच्या बाजूला पाहिलं. तिथे त्या मोठ्या महालाच्या दाराशी दगडी हत्तींवर ऊन पडलं होतं.

"केतू," तिनं विचारलं, "त्याला तिकीट वेगळं लागते का?"